टोस्ट ते चकली, व्हाया बदलापूर

गॅसवरच्या टोस्टरमध्ये फक्कड सँडविच जमतं, म्हणून दिवाळीचा फराळ जमेलच असं नाही. पण सुरुवात तिथूनच होते! प्लास्टरमधला एक हात, हरवलेली एक मूठ आणि सेंट्रल रेल्वेच्या तीन स्टेशनांवरची खवय्येगिरी... रेसिपींसकट!

रविवार, सकाळचे साडेदहा. बदलापूर पूर्वेचं आमचं घर. पेपर चारही दिशांना पसरलेला, बाबा बनियनवर, आई चहाचा दुसरा कप घेऊन खिडकीत आणि मी गॅसपाशी. हातात लांब दांड्यांचा टोस्टर. एक बाजू झाली, पलटला. दुसरी बाजू झाली, कडी काढली. आत खमंग, बदामी, चौकोनी चंद्र!

मंडळी, माझं हे चित्र बघून गैरसमज करून घेऊ नका. सोमवार ते शुक्रवार माझं आयुष्य मी नाही, सेंट्रल रेल्वे चालवते. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. सकाळी विंडो सीटचं स्वप्न, संध्याकाळी चौथ्या सीटचं समाधान. घरी पोचेपर्यंत ताट वाढलेलं असतं आणि ते कोणी वाढलं, त्यामागे किती तास उभं राहावं लागलं, असले प्रश्न दमलेल्या माणसाला पडत नाहीत. मलाही पडले नव्हते. किचनमध्ये मला येत असलेली एकमेव गोष्ट म्हणजे टोस्ट सँडविच. 'मी पण स्वयंपाक करतो हं!' असं ऑफिसात सांगायला तेवढं पुरायचं.

पुरायचं, गेल्या वर्षीच्या नवरात्रापर्यंत.

मेड इन यूएसए!

आधी टोस्टरची जन्मकथा. माझा ट्रेनमधला एक जिगरी दोस्त उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहतो. त्याच्याबरोबर एका शनिवारी तिथल्या बाजारात जीन्स घ्यायला गेलो आणि भांड्यांच्या दुकानातून टोस्टर घेऊन आलो. दोन अॅल्युमिनियमच्या थाळ्या, मध्ये बिजागरी, मागे काळ्या मुठींचे दांडे आणि ते आवळून धरणारी कडी. ना वायर, ना लाइट जायची भीती. 'मेड इन यूएसए आहे, बिनधास्त घे,' दोस्त म्हणाला. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हा जोक कल्याणच्या पुढे राहणाऱ्या प्रत्येकाने हजारदा ऐकलाय, पण उल्हासनगरकराच्या तोंडून ऐकायची मजा वेगळीच.

घरात इलेक्ट्रिक सँडविच मेकर असेल तर त्याला माळ्यावर टाकू नका, त्याचंही काम आहे. पण गॅसवरच्या टोस्टरची एक खुबी आहे. जाळ दिसतो, वास येतो, हवं तेव्हा उघडून बघता येतं. मशीनचा दिवा लागेपर्यंत आपण मोबाइल बघतो. टोस्टर हातात असला की टोस्टकडेच बघावं लागतं.

टोस्ट सादळतो का?

सँडविचचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच. इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या अर्ल साहेबांवरून हे नाव पडलं आणि एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या १७६२ सालच्या डायरीत ते सापडतं. साहेबाच्या सँडविचमध्ये गार मांस होतं. त्यात उकडलेला बटाटा, बीट, काकडी, कांदा, टोमॅटो आणि तिखटजाळ हिरवी चटणी भरून त्याला पार 'आपला' केला तो मुंबईच्या फुटपाथवरच्या सँडविचवाल्याने. सलाम त्या कलाकाराला!

घरी केल्यावर मात्र हाच सँडविच पाच मिनिटांत मान टाकतो. का? मीही वर्षभर ब्रेडला शिव्या घातल्या. दोष ब्रेडचा नव्हता, पाण्याचा होता.

बघा, ब्रेडला जो बदामी रंग आणि खमंग वास येतो ना, त्यामागची रासायनिक प्रक्रिया लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. पदार्थातली साखर आणि प्रथिनं तापली की एकमेकांशी जुळतात आणि नवे रंग, नवे वास तयार होतात. पण त्यासाठी साधारण १४० अंशांच्या वरची उष्णता लागते. पाणी असतं तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं. म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी गेल्याशिवाय खमंगपणा नाही! आतून टोमॅटो पाझरत असेल, चटणी पातळ असेल, तर बाहेरून कितीही जाळ द्या, ब्रेड भाजण्याऐवजी वाफवला जातो.

एवढं कळलं आणि माझा टोस्ट सुधारला. चटणी घट्ट केली. टोमॅटोच्या बिया काढल्या. मीठ आधी भुरभुरवणं बंद केलं, कारण मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. लोणी ब्रेडच्या आतल्या बाजूला अगदी कडेपर्यंत लावलं. लोणी काही फक्त चवीसाठी नसतं राव, तो ब्रेडचा रेनकोट असतो!

चौकट १ : गॅसवरचा मसाला टोस्ट (२ जणांसाठी)

साहित्य : ब्रेडच्या ४ स्लाइस (एक दिवस जुना ब्रेड उत्तम), २ मध्यम उकडलेले बटाटे, १ छोटं उकडलेलं बीट, १ कांदा, १ टोमॅटो, लोणी.
चटणी : १ जुडी कोथिंबीर, थोडा पुदिना, ३ हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, २ चमचे डाळं, लिंबू, मीठ. पाणी अगदी चमचाभर.
मसाला : भाजलेलं जिरं, बडीशेप, काळं मीठ आणि आमचूर एकत्र कुटून.

कृती : बटाटे उकडून पूर्ण गार करा. गरम बटाटा वाफ सोडतो आणि ब्रेड ओला होतो. टोमॅटोच्या बिया काढून चकत्या पेपर नॅपकिनवर दोन मिनिटं ठेवा. स्लाइसना आतून लोणी, मग चटणी. खाली बटाटा, मध्ये बीट, कांदा आणि टोमॅटो, वर पुन्हा बटाटा. टोमॅटो ब्रेडला चिकटता कामा नये. मसाला भुरभुरवा. टोस्टरला आतून लोण्याचा हात फिरवा. मंद ते मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. काढल्यावर ताटलीत ठेवू नका, जाळीवर ठेवा. ताटलीत खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते.

तीन स्टेशनांचं कॅलेंडर

टोस्टरमुळे दोस्ताच्या घरी येणंजाणं वाढलं. त्याच्या मम्मीला मी आंटी म्हणतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये जागा मिळाली. १९४९ साली त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं, पण कॅम्प एक ते पाच हे पत्ते आजही तसेच आहेत. आंटींच्या सासूबाई त्या बराकीत राहिलेल्या. सणाचे सगळे पदार्थ आंटी त्यांच्याकडून शिकल्या. वही-बिही काही नाही. सासूबाई करायच्या, या शेजारी उभ्या राहायच्या. बस्स!

आंटींनी मला पहिला धक्का दिला तो शिळ्या ब्रेडचा. माझी सगळी लढाई ब्रेड कोरडा ठेवण्याची, आणि त्या चक्क त्याला मसाल्याच्या रश्श्यात सोडतात! सिंधीत ब्रेडला 'डबल' म्हणतात, आणि हिरव्या मसाल्यात मुरवलेल्या ब्रेडला 'सेयल डबल'. सोमवारी सकाळी, रविवारच्या उरलेल्या ब्रेडचं याहून चांगलं काही होत नाही.

चौकट २ : सेयल डबल (२ जणांसाठी)

शिळ्या ब्रेडच्या ६ स्लाइस किंवा ४ पाव, मोठे तुकडे करून. लसणाच्या ७-८ पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या आणि बचकभर कोथिंबीर जाडसर वाटून घ्या. तेलात १ कांदा परतून त्यात हे वाटण घाला. लसणाचा कच्चा वास गेला की २ टोमॅटो, हळद, धणेपूड, मीठ. टोमॅटो गळला की वाटीभर पाणी. चांगली उकळी आली की ब्रेड घालून हलक्या हाताने एकदाच हलवा. झाकण, मंद आच, तीन मिनिटं. जास्त ढवळलंत तर लापशी होईल. वरून लिंबू.

पुढे कळलं, की आमच्या या तीन स्टेशनांचं मिळून एक खाद्य कॅलेंडरच आहे. महाशिवरात्रीला अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. त्या दिवशी मंदिराकडे जाणारी गर्दी बघावी, आणि घरी यावं ते साबुदाण्याची खिचडी आणि कवठाची चटणी खायला. उपासाला ब्रेड चालत नाही, त्यामुळे टोस्टरला सुट्टी.

होळीला उल्हासनगर. मिठाईच्या दुकानांत घीयर लागतात. घीयर म्हणजे जिलेबीची थोरली बहीण! मैद्याचं पीठ आंबवून तुपात जाळीदार तळायचं आणि पाकात बुडवायचं, ताटलीएवढं. त्याच्या शेजारी पापुद्र्यांची, खव्याची प्रगडी. दर होळीला आमच्या पुरणपोळ्यांचा डबा एका लोकलने उल्हासनगरला जातो आणि दुसऱ्या लोकलने त्याच डब्यात घीयर येतं. रिकामा डबा परत करायची पद्धत दोन्ही घरांत नाही.

आणि श्रावणात, जन्माष्टमीच्या तोंडावर येते थधरी. त्या दिवशी सिंधी घरात चूल पेटत नाही. आदल्या दिवशी गुळाचे जाडसर गोड लोले, कोक्या, तळलेल्या भाज्या करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी दह्याबरोबर सगळं गार खायचं. मी आंटींना म्हटलं, 'म्हणजे गॅसला सुट्टी!' त्या हसल्या. 'बेटा, गॅस को छुट्टी है। एक दिन पहले तो डबल ड्यूटी है ना! किसकी?'

प्रश्न साधा होता. मी हसून सोडून दिला.

आणि आईचा हात...

नवरात्रात, ओल्या जिन्यावरून आईचा पाय घसरला. उजव्या मनगटाला फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. दिवाळी चार आठवड्यांवर.

रोजचा स्वयंपाक मी आणि बाबांनी कसाबसा ओढला. वरण-भात, खिचडी, अंडी आणि अर्थातच टोस्ट. पोळ्या बाहेरून. आईची तक्रार नव्हती. पण ती तरीही पहाटे पाचला उठायची आणि किचनमध्ये स्टुलावर बसून राहायची. करायला काहीच नाही, तरी.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, 'या वर्षी फराळ नको करू या.' अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. बाबा लगेच म्हणाले, 'बाहेरून आणू की! बदलापुरात काय कमी आहे?' खरंच कमी नाही. दिवाळीच्या आधी इथे गल्लोगल्ली घरगुती फराळाच्या पाट्या लागतात. बाबांनी एका बचत गटाकडून चकलीचं सॅम्पल आणलं. खोटं कशाला बोलू? चकली झक्कास होती. आमच्या घरच्यापेक्षा काटे चांगले होते.

आईने एक तुकडा खाल्ला, 'छान आहे,' म्हणाली आणि उठून गेली.

बाहेरून फराळ आणण्यात वाईट काहीही नाही, हे आधी स्पष्ट करतो. ज्या बायका तो करतात, त्यांचं घर त्यावर चालतं. आपल्यापैकी निम्म्या लोकांना रजाच मिळत नाही. पण आमच्या डायनिंग टेबलावर त्या रात्री चकलीचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षं आईने एकटीने फराळ केला होता. आम्ही 'मदत' करायचो, म्हणजे गरम चकली पळवायचो. आता तिचा हात थांबला तर चार मिनिटांत पर्याय सापडला होता. तिच्या जागी मी असतो तर मला काय वाटलं असतं? ऑफिसात आपण आजारी पडलो आणि आपलं काम आपल्यावाचून आरामात चाललं की आपल्याला काय वाटतं, आठवून बघा.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये दोस्ताला सांगितलं. तो म्हणाला, 'अरे, तू टोस्ट करतोस ना? मग चकली कर!' डब्यात दोन-तीन अनोळखी माणसंही हसली. मी मात्र सीरियसली घेतलं. घरी येऊन आईला म्हटलं, 'तू स्टुलावर बस. तू बॉस. मी आणि बाबा स्टाफ.'

'तुला?' आई म्हणाली. 'भाजणी?'

पण त्या रात्री तिने दिवाळी अंक बाजूला ठेवला आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात, सामानाची यादी लिहायला घेतली.

मूठ म्हणजे किती ग्रॅम?

पहिली अडचण यादीतच होती. तांदूळ दोन वाट्या, ठीक. हरभराडाळ एक वाटी, ठीक. उडीदडाळ अर्धी. म्हणजे प्रत्येक वेळी आधीच्याच्या निम्मं, लक्षात ठेवायला सोपं. पुढे लिहिलं होतं : मूगडाळ, मूठभर.

मी ऑनलाइन मागवलेला किचनचा डिजिटल काटा टेबलावर ठेवला. 'दाखव मूठ.' आईने डाव्या हाताने डाळ उचलली आणि काट्याकडे न बघताच परत टाकली. 'ही नाही. उजवी.'

उजवी तर प्लास्टरमध्ये! माझी मूठ घेतली, आई म्हणाली 'बापरे, केवढी!' बाबांची त्याहून मोठी. मी म्हटलं, 'अगं, पाच-दहा ग्रॅमनी काय बिघडतंय?' त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचा बॉस 'एक दिवस उशीर झाला तर काय होतं' म्हणणाऱ्याकडे बघतो.

शेवटी तिलाच सुचलं. 'ताईला फोन लाव. तिचा हात माझ्यासारखा आहे.'

ताई बंगळूरला असते. व्हिडिओ कॉलवर, ऑफिसच्या दोन मीटिंगच्या मध्ये, तिने डब्यातून मूगडाळ उचलली. आई स्क्रीनला नाक लावून बघत होती. 'थोडी सैल सोड... अंगठा वर... हां, बस्स!' ताईने तीच डाळ तिच्या काट्यावर टाकली.

४२ ग्रॅम.

आईने ते डाव्या हाताने यादीत लिहिलं. आमच्या घरातली पहिली लिहिलेली मूठ!

चौकट ३ : आईच्या मापाची चकलीची भाजणी

तांदूळ ४०० ग्रॅम, हरभराडाळ २००, उडीदडाळ १००, मूगडाळ ४२ (हो, ४२च!), पाव वाटी जाडे पोहे, पाव वाटी धणे, १ मोठा चमचा जिरं.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुऊन, निथळून, सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळवा. मग प्रत्येक गोष्ट वेगळी भाजा, कारण प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा. आच मंद. रंग फार बदलायचा नाही, वास सुटला की थांबायचं. गार करून गिरणीत दळून आणा. गिरणीवाल्याला 'आधीचं दळण भाजणीचंच आहे ना?' हे विचारायला विसरू नका. गव्हावर दळलंत तर चव गेली.

उकड : १ वाटी भाजणीला साधारण १ वाटी पाणी आणि १ मोठा चमचा तेल. पाण्यात तेल, तीळ, ओवा, तिखट, हळद, हिंग, मीठ घालून उकळा. गॅस बंद, भाजणी घाला, ढवळा, झाकून ठेवा. कोमट झाल्यावर तेला-पाण्याचा हात लावून भरपूर मळा. थोडं थोडंच पीठ मळायला घ्या, बाकीचं झाकलेलं.

पहिला घाणा, दुसरा घाणा

दिवाळीआधीचा शनिवार. बाबांची आयुष्यभराची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर झाली. त्यामुळे सोऱ्या त्यांच्याकडे. 'स्पीड कॉन्स्टंट पाहिजे,' म्हणत त्यांनी प्लास्टिकवर चार चकल्या पाडल्या. काटेरी, देखण्या. मी कढईपाशी. आई स्टुलावर, प्लास्टर मांडीवर.

पहिली चकली तेलात सोडली आणि... गायब! अक्षरशः विरघळली. तेलात नुसता चुरा. माझ्या टोस्टवाल्या डोक्याने असा हिशोब केला होता, की लोणी जास्त तर टोस्ट खुसखुशीत, म्हणजे तेल जास्त तर चकली खुसखुशीत. म्हणून आईची पाठ असताना मी मोहन दुप्पट घातलं होतं. मोहन जास्त झालं की पीठ एकमेकाला धरूनच ठेवत नाही.

आई हसली. नवरात्रानंतर पहिल्यांदा.

दुसरी उकड. या वेळी घाबरून पाणीही कमी, तेलही कमी. बाबांच्या सोऱ्यातून चकली निघे ती तुकडे पडत. बाबा म्हणाले, 'मटेरियलचा प्रॉब्लेम आहे, मशीनचा नाही.' आईने डाव्या हाताची दोन बोटं पिठावर दाबली. 'कोरडं आहे. पाण्याचा हात लाव. अजून. अजून. आता मळ... थांब. आता झालं.'

मी तिथे बोट लावून पाहिलं. आधीच्या आणि आताच्या पिठातला फरक बोटाला कळला. त्यासाठी कुठल्याही काट्यावर आकडा नव्हता.

तिसरा घाणा तेलात गेला. चारही बाजूंनी बुडबुडे उसळले. मी झारा उचलला तसं आई म्हणाली, 'हात लावू नकोस. बुडबुडे बघ.' आणि माझ्या डोक्यात टोस्ट पेटला! बुडबुडे म्हणजे काय? पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. ते उसळतंय तोवर चकली आत ओली. बुडबुडे कमी झाले की पाणी संपत आलं, मगच काढायची. घाई केली तर रंग छान, पण संध्याकाळपर्यंत चकली मऊ. माझ्या टोस्टचाच नियम होता हा! आई तो तीस वर्षं कढईत बघत होती.

'हे तुला कोणी सांगितलं?' मी विचारलं.

'माझ्या आईने. तीही हेच म्हणायची, हात लावू नकोस.'

चौकट ४ : चकली कुठे चुकते?

• तेलात विरघळते : मोहन जास्त. उकडीत थोडी कोरडी भाजणी मिसळून मळा.
• सोऱ्यातून तुटते : पीठ कोरडं किंवा नीट मळलेलं नाही. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.
• संध्याकाळी मऊ पडते : आच मोठी होती, आतलं पाणी राहिलं. मध्यम आचेवर, बुडबुडे कमी होईपर्यंत तळा.
• कडक, दाताला लागते : मोहन कमी.
• तेल पिते : तेल पुरेसं तापलं नव्हतं. आधी पिठाची छोटी गोळी टाका, ती बुडबुड्यांसह अलगद वर आली पाहिजे.
• डब्यात सादळते : गरम असताना डबा भरला. जाळीवर पूर्ण गार करा (टोस्ट आठवा!).

तीन तास लागले. चकल्या झाल्या एकोणसाठ. पाठ गेली, डोळ्यांत धूर, टी-शर्टला तेलाचा वास. तीन माणसांनी मिळून एक पदार्थ. आणि आई एकटी सात पदार्थ करायची! आंटींच्या 'किसकी?' या प्रश्नाचं उत्तर मला कढईपाशी उभं राहून मिळालं.

करंज्या, अनारसे, शेव, चिवडा, लाडू आणि शंकरपाळे आम्ही त्याच बचत गटाकडून आणले. आईनेच ठरवलं. 'एक घरचं पुरे. दर वर्षी एक नवीन शीक.' भाऊबीजेला ताई आली, तिने पहिली चकली मोडली आणि विचारलं, 'यात माझे ४२ ग्रॅम आहेत ना?'

आता दर रविवारी

दिवाळीनंतर प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, बोटं आखडलेली. फिजिओथेरपिस्टने स्पंजचा बॉल दाबायला दिला. आई दोन दिवसांत त्याला कंटाळली. मग तिसऱ्या दिवशी ती स्वतःच काटा घेऊन बसली, उजव्या हाताने मूगडाळ उचलली आणि टाकली. २९ ग्रॅम. मूठ पूर्ण मिटतच नव्हती.

तेव्हापासून आमच्या रविवारचं रूटीन ठरलंय. मी टोस्टर गरम करतो. बाबा बटाटे सोलतात. आई एक मूठ मूगडाळ काट्यावर टाकते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. डाळ परत डब्यात. संक्रांतीच्या आठवड्यात ३७ झाले. तिळाच्या वड्या थापायला तिने मला बसवलं आणि स्वतः शेवटच्या दोन थापल्या. महाशिवरात्रीला ४०.

आमच्या किचनमध्ये अजून एक बदल झाला. आठवड्यातून एक दिवस टोस्टरमध्ये काहीतरी 'आईकडचं' जातं. उरलेली बटाट्याची भाजी, मटारची उसळ, एकदा तर वालाचं बिरडं, कोरडं करून (ट्राय करा, भन्नाट लागतं!). दर वेळी ती सांगते, मी लिहितो आणि काटा आकडा देतो. जे आकड्यात बसत नाही, तिथे ती माझं बोट धरून पिठात दाबते.

होळीला पुरण तिने स्वतः वाटलं. पोळ्या लाटायला अजून मनगट साथ देत नव्हतं, म्हणून लाटणं माझ्या हातात. माझ्या पहिल्या चार पोळ्यांचे नकाशे झाले, पुढच्या सहा उल्हासनगरला पाठवण्याइतपत जमल्या. उरलेलं पुरण दुसऱ्या दिवशी टोस्टरमध्ये गेलं. दोन स्लाइसना आतून साजूक तूप, मध्ये घट्ट पुरण, किंचित जायफळ, मंद आच. पुरण परतून कोरडं केलेलं हवं, नाहीतर काय होतं ते तुम्हाला आता माहीत आहेच. सोबत डब्यातून परत आलेलं घीयर. वजनाचा विचार सोमवारी करावा.

त्या सकाळी टोस्ट खाऊन झाल्यावर आईने काटा ओढला. मूठ टाकली. आम्ही तिघेही वाकून बघत होतो.

४३.

'ताईपेक्षा एक जास्त,' बाबा म्हणाले.

आईने हात झटकला, डाळ डब्यात ओतली आणि मला म्हणाली, 'यादीत दुरुस्त कर. आणि येत्या दिवाळीला अनारसे. तयारीला लाग.'

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, एवढंच मला आत्तापर्यंत कळलंय. म्हणजे पुन्हा पाणीच! सल्ले असतील तर लोकलमध्ये भेटा. आणि तुमच्या घरात जिची मूठ चालते, तिच्यासमोर या रविवारी काटा ठेवून बघा. टोस्ट तुम्ही करा.